सरकारी ऑर्डर कशी मिळवायची?

प्रश्न : सांगलीत आमचं स्टील फर्निचरचं छोटं वर्कशॉप आहे. सरकारी ऑफिसांची ऑर्डर ओळखीशिवाय मिळते का?

उत्तर : मिळते की! आधी उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, करा, ते फुकट असतं, उगाच एजंटला पैसे देत बसू नका. मग जेम पोर्टलवर, म्हणजे सरकारी खरेदीच्या ऑनलाइन बाजारावर, विक्रेता म्हणून नाव नोंदवा आणि राज्याची टेंडरं महाटेंडर्स या वेबसाइटवर बघत जा, तिथे टेंडर भरायला डिजिटल सिग्नेचर (ऑनलाइन सही) लागते. तुम्ही स्वतः माल बनवता ना, मग केंद्राच्या खरेदीत सूक्ष्म-लघु उद्योगांना टेंडरसोबत भरायची अनामत रक्कम माफ असते, शिवाय सगळ्यात कमी दर एखाद्या मोठ्या कंपनीचा आला आणि तुमचा दर त्याच्या वर 15 टक्क्यांच्या आत असला, तर तिच्या दराला उतरून किमान 25 टक्के माल द्यायची संधी मिळते. कागदपत्रं मात्र दोनदा तपासा, एक सर्टिफिकेट राहिलं की टेक्निकलमध्येच, म्हणजे कागदपत्रांच्या पहिल्या छाननीतच, बाद, दराचं पाकीट उघडतसुद्धा नाहीत.