व्हॅनमधली मोठी मुलं त्रास देत असतील तर लेकाला काय शिकवावं?

ताई, तुम्ही लिहिलंय की पहिलीतल्या तुमच्या मुलाला व्हॅनमधली मोठी पोरं 'बोबड्या' म्हणून चिडवतात, डब्यातला खाऊ काढून घेतात. तुम्ही त्याला प्लीज, सॉरी, थँक्यू शिकवलंत आणि आता त्याचे बाबा म्हणतात, "एकदा दोन ठेवून दे म्हणावं." दोघांत बरोबर कोण, असा तुमचा प्रश्न.

मी शिक्षक नाही. नाशकात शाळेची व्हॅन चालवतो, 19 वर्षं झाली. इंदिरानगरहून पोरं घ्यायची, मुंबई नाका, मायको सर्कल करत गंगापूर रोडला सोडायची. बोगद्यापाशी गाड्या तुंबल्या की पंधरा-वीस मिनिटं जागचे हलत नाही. त्या वेळात आरशात जे दिसतं, ते वर्गातल्या बाईंनाही दिसत नसेल.

आधी एक बघा. पोरं एकमेकांना चिडवतातच. आज हा त्याला, उद्या तो ह्याला, आणि उतरताना दोघं गळ्यात गळा घालून. त्यात मी पडत नाही. पण रोज तोच एक, करणारे मोठे किंवा जास्त, आणि हसताना त्याचं तोंड सोडून बाकी सगळ्यांची तोंडं उघडी, की ती चेष्टा राहिली नाही. तुमच्या मुलाचं हे दुसऱ्या प्रकारातलं दिसतंय.

बाबांचा राग मला कळतो. पण हा उपाय मी माझ्याच गाडीत बघितलाय. तिसरीतल्या एकाला घरून असंच सांगून पाठवलं होतं. त्याने स्टीलची पाण्याची बाटली फिरवली आणि समोरच्याच्या कपाळाला तीन टाके पडले. त्याला आधी महिनाभर कोण छळत होतं, हे मग कुणी विचारलंच नाही. शिवाय सहा वर्षांच्या पोराचे दोन फटके पाचवीतल्या पोराला लागणार तरी किती?

आता माझीच चूक सांगतो. एक गुटगुटीत पोरगा होता. चढताना पायरीवर अडखळायचा. एकदा मी हसत म्हणालो, "चला ढोल्याशेठ, आवरा." माझ्या मनात काही नव्हतं. पण मोठ्या माणसानेच नाव ठेवलं म्हटल्यावर पोरांना परवानाच मिळाला. आठवड्याभरात ते नाव व्हॅनमधून वर्गात गेलं. पुढे त्याच्या आईचा फोन आला, की रविवारी संध्याकाळ झाली की पोराच्या पोटात दुखतं आणि डबा तर तसाच परत येतो. मी दुसऱ्या दिवशी गाडी बाजूला घेतली आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "मी याला नाव ठेवलं, चुकलो. आजपासून गाडीत याला त्याच्या नावानेच हाक मारायची, मीसुद्धा." निम्मी पोरं फिदीफिदी हसली. ते नाव पुरतं जायला दिवाळी उजाडली. तेव्हा घरीही बघा, 'आमचं बोबडं बाळ' असं पाहुण्यांसमोर कौतुकाने कुणी म्हणतंय का. बाहेरच्यांना शब्द पुष्कळदा घरातूनच मिळतो.

मग शिकवायचं काय? एकच वाक्य, मोठ्या आवाजात. "थांब, मला हे आवडत नाही." ओरडून नाही, रडून नाही, डोळ्यांत बघून. घरी पलंगावर चढवून त्याच्याकडून म्हणून घ्या, तुम्ही दांडगा पोरगा व्हा. शंभरदा हसेल, मग जमेल. जो बोबडं बोलतो त्याला छोटं वाक्य द्या, र नसलेलं, म्हणजे त्यावरूनही कुणी हसायला नको. आणि म्हणून झाल्यावर तिथे थांबायचं नाही, उठून माझ्यासारख्या काकांच्या मागच्या सीटवर यायचं.

'चुगली करू नये' हेही आपणच शिकवलेलं असतं. त्याला फरक सांगा: दुसऱ्याला मार बसावा म्हणून सांगितलं तर चुगली, त्रास थांबावा म्हणून सांगितलं तर नाही.

नम्रपणा यात आडवा येत नाही. रंगपंचमीचंच घ्या. आमच्या नाशकात रहाड असते, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेला मोठा हौद. तिथे गेलं की कोरडं कुणी परत येत नाही, ती गंमत वेगळी, तिथे जाणारा भिजायलाच जातो. पण आमच्या गल्लीतल्या पोरांना मी सांगून ठेवलंय, की 'नको' म्हणेल त्याला रंग नाही, धाकट्यालाही नाही. पहिल्या वर्षी कुरकुर झाली. आता तीच पोरं नव्या पोराला हा नियम ऐकवतात. 'नको' म्हणायला शिकवणं आणि दुसऱ्याचं 'नको' ऐकायला शिकवणं, माझ्या मते संस्कार म्हणजे एवढं. थँक्यू मागून येतं. (मला 'ए ड्रायव्हर' म्हणणारी पोरं कुठून शिकतात, ते त्यांच्या बाबांचा फोन उचलला की कळतं.)

त्या गुटगुटीत पोराचं खरं काम केलं चौथीतल्या एका मुलीने. तिने दप्तर मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "तू इथे बस, माझ्याकडे भडंग आहे." बाकीच्यांचा दम तिथेच गेला, कारण बघणारं कुणी त्यांच्या बाजूने उरलं नाही. म्हणून तुमच्या मुलालाही रोज विचारा, आज एकटं कोण बसलं होतं?

तुमचं काम असं. त्या मोठ्या पोरांना गेटवर गाठून दम देऊ नका, त्यांच्या आयांशी तिथेच भांडू नका. त्यांच्यातही कुणी घरी मार खाऊन आलेला असतो. आधी व्हॅनवाल्याशी बोला, जागा बदलून मागा. आठवड्यात फरक नाही पडला तर वर्गशिक्षकांना लेखी द्या, तारखांसकट. शाळेत शालेय परिवहन समिती असते, मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष, त्यात पालक प्रतिनिधीही असतात. बस-व्हॅनमधली तक्रार तिथे नेता येते. मारहाण, धमकी किंवा अंगाला नको तिथे हात लावणं असेल तर आठवडाभर थांबू नका, लगेच शाळेत जा. 1098 हा मुलांसाठीचा मोफत नंबर चोवीस तास चालू असतो.

व्हॅनवाल्याशी बोलायला मात्र दुपारी, पोरं सोडून झाल्यावर फोन करा. सकाळी खिडकीतून बोलायला लागलात तर मागून हॉर्न सुरू होतात आणि अर्धं ऐकूच येत नाही.