स्लीव्ह करू की बायपास, मॅडम?

वजनाच्या ऑपरेशनआधी सर्जन लोक पेशंटला एकदा समुपदेशकाकडे पाठवतात, म्हणून माझ्याकडे येणारे बरेच जण चप्पल काढता काढताच विचारतात, "मॅडम, स्लीव्ह करू की बायपास?" मी सर्जन नाही हे सांगितलं की मान डोलावतात आणि परत तेच, "ते बरोबर आहे हो, पण तुम्ही इतके पेशंट बघता, माझ्या जागी तुम्ही काय केलं असतं?" आणि त्याच्या मागून हळूच खरी काळजी येते, की चुकीचं निवडलं तर? एकदा पोट कापलं की कापलं, नंतर पस्तावून काय उपयोग. हल्ली हे इतक्या जणांकडून ऐकलं की म्हटलं एकदा लिहूनच टाकते.

आधी थोडक्यात, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. स्लीव्हमध्ये जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग कापून काढून टाकतात, उरते ती केळ्याएवढी नळी, आतड्याला हात लावत नाहीत. भूक लावणारं घ्रेलिन नावाचं हार्मोन बरंचसं त्या काढलेल्या भागातच तयार होतं, त्यामुळे भूकही मंदावते. पण काढलेलं परत बसवता येत नाही. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला जेमतेम ३० मिलिलिटरची पिशवी करतात आणि आतडं खालून वर आणून तिला जोडतात, एकूण जोड दोन, बाकीचं जठर आतच राहतं पण अन्न तिकडे जात नाही. मिनी बायपासमध्ये पिशवी लांबट आणि जोड एकच, आपल्याकडे तोही बराच होतो, फक्त त्यात काहींना पित्त वर येण्याचा त्रास होतो. बँड, म्हणजे जठराच्या वरच्या भागाला बाहेरून पट्टा बांधायचा, तो आता मागे पडलाय. आणि बलून म्हणजे ऑपरेशन नाहीच, तो पोटात कायमचा नसतो, बहुतेक प्रकार सहा महिन्यांनी काढतात आणि सवयी तशाच असतील तर वजन परत यायला रस्ता मोकळा.

तर आता बाई. गणित शिकवतात, शाळेत आणि सोसायटीतही सगळे बाईच म्हणतात म्हणून मीही तेच लिहिते (त्यांना विचारून लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत). वय पंचेचाळीसच्या आसपास, उंची पाच फूट दोन इंच, वजन ११६ किलो, आठ वर्षांचा डायबेटिस, आणि गुडघे असे की शाळेचा दुसरा मजला म्हणजे त्यांना रोजची परीक्षा. पहिल्या दिवशी त्या आल्या त्या चौकटीची वही घेऊनच. तीन रकाने, स्लीव्ह, बायपास, मिनी. डावीकडे एकाखाली एक ओळी, वजन किती उतरेल, शुगर, धोका, खर्च, दवाखान्यात किती दिवस, गोळ्या, असं बरंच. प्रत्येकाला दहापैकी मार्क आणि खाली लाल पेनने बेरीज. दोन ठिकाणी इतकं खोडलं होतं की कागद फाटायला आलेला.

"कोण पहिलं आलं?" मी विचारलं.

"स्लीव्ह. दीड मार्काने." मग जरा थांबून, "पण मॅडम, दीड मार्कावर पोट कापायचं का?"

मला हसू आलं आणि त्यांनाही. मी म्हटलं तुम्हाला नक्की काय हवंय, तर म्हणाल्या, खात्री. किती टक्के? "शंभर नको, नव्याण्णव चालेल." इथे माझं वळण सांगून टाकते, मी अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या घराण्यातली, विवेकनिष्ठ उपचारपद्धती म्हणतात ती, आणि माझ्या मते माणूस निर्णयामुळे दमत नाही, खात्रीच्या हट्टामुळे दमतो. खात्री मिळाल्याशिवाय हलायचं नाही असं ठरवलं की मग युट्यूबवर रात्री दोन वाजेपर्यंत तेच तेच बघत बसायचं. बाई तेच करत होत्या. त्यांना म्हटलं, तुमचं गणित चुकलेलं नाही, दीड मार्काचा फरक आला यात नवल नाही. फिनलंडमध्ये २४० पेशंटना चिठ्ठ्या टाकल्यासारखं अर्धे स्लीव्ह अर्धे बायपास असं वाटून पुढे १० वर्षं बघितलं, तर वजनात बायपास थोडा पुढे निघाला, पण असं नाही की एक पास आणि दुसरा नापास. म्हणजे नुसत्या वजनाच्या ओळीवर निकाल लागणारच नाही.

पुढच्या खेपेला मी वही परत मागून घेतली आणि एका ओळीवर अडकले. गोळ्या. स्लीव्हला नऊ आणि बायपासला दोन. बाकी कुठेच एवढा फरक नव्हता.

"हे असं का?"

"बायपास केलं की जन्मभर व्हिटॅमिनच्या गोळ्या ना."

"स्लीव्हमध्ये पण घ्याव्या लागतात. थोड्या कमी, पण लागतातच."

"हो का... पण कमीच ना."

"आत्ता रोज किती घेता?"

मोजल्या. शुगरच्या, बीपीची, थायरॉइडची, अधूनमधून गुडघ्यासाठी पेनकिलर. "मग आणखी दोन-तीनचं एवढं काय?"

बाई गप्प. वहीची कोपऱ्यातली घडी उलटसुलट करत बसल्या. मग म्हणाल्या, "त्या सगळ्यांना माहितीयत हो. या कशाच्या म्हणून विचारतील."

"कोण?"

"जाऊबाई. आम्ही एकत्र राहतो. औषधांचा डबा एकच आहे, फ्रिजवर."

आणि मग सगळं बाहेर आलं. दिवाळीच्या सुट्टीत ऑपरेशन करायचं, घरात आणि स्टाफरूममध्ये हर्नियाचं सांगायचं, नवऱ्याला तेवढं माहीत, बास. का तर लोक म्हणतील शॉर्टकट मारला. "मी वर्गात पोरांना ओरडते, नुसतं उत्तर लिहू नका, पायऱ्या दाखवा. आणि मीच पायऱ्या गाळून उत्तर लिहिलं असं होणार ना?"

मी म्हटलं, "बाई, म्हणजे ही वही कुठलं ऑपरेशन चांगलं याची नाहीच. कुठलं लपवता येईल याची आहे."

त्यांनी वहीकडे बघितलं, बराच वेळ. मग पर्समधून लाल पेन काढला आणि खालच्या तिन्ही बेरजांवर एकेक आडवी रेघ मारली, पट्टी लावल्यासारखी सरळ, गणिताच्या बाईच त्या. मी काही बोलले नाही. अशा वेळी बोलू नये हे शिकायला मला बरीच वर्षं लागलीत आणि आता ते जमतं असं मला वाटतं. रडल्याबिडल्या नाहीत, उलट खांदे एकदम खाली आले, आणि म्हणाल्या, "मला हे कुणी विचारलंच नव्हतं." खरं तर त्यांनी स्वतःलाही विचारलं नव्हतं. निवड जमत नाही तेव्हा बहुतेक वेळा माहिती कमी पडत नसते, एक ओळ वहीत लिहायची राहिलेली असते आणि तीच बाकी सगळ्या ओळींना मार्क देत असते. बाईंच्या वहीत ती ओळ होती लाज.

मग आम्ही लाजेचंच गणित सोडवलं.

"समजा जाऊबाईंना कळलं. काय म्हणतील?"

"तोंडावर ताबा नाही म्हणून पोट कापून घेतलं."

"मग?"

"मला वाईट वाटेल."

"वाटेलच. वाईट की असह्य?"

विचार केला आणि हसल्या. "त्या तसंही रोज काही ना काही बोलतातच की."

आणि शॉर्टकटचं म्हणाल, तर लठ्ठपणा हा आजार आहे, त्यात अनुवंश आहे, हार्मोन आहेत, वजन उतरवलं की शरीर भूक वाढवून ते परत आणायला बघतं. बाईंनी वीस वर्षांत दर उन्हाळ्यात डाएट केलेलं, एकदा १४ किलो उतरवून १९ वाढवलेले. पायऱ्या गाळल्या कुठे? पानंच्या पानं पायऱ्या लिहून झाल्या होत्या.

त्याच सेशनमध्ये जाता जाता विचारलं, अजून काही आहे का जे सर्जनना सांगितलं नाहीये? "काही नाही हो" म्हणत त्यांनी पेन परत ठेवायला पर्स उघडली तर आत ॲसिडिटीच्या गुलाबी औषधाची बाटली, अर्धी संपलेली. रोज रात्री घेतात. तीन उशा घेऊन झोपतात, आडवं झालं की घशाशी आंबट येतं आणि खोकला सुटतो. सर्जनच्या फॉर्मवर 'ॲसिडिटी' पुढे नाही लिहिलेलं! का? "ॲसिडिटी काय, सगळ्यांनाच असते."

आता हे फार महत्त्वाचं आहे म्हणून सावकाश वाचा. स्लीव्हच्या नळीत दाब वाढतो आणि ॲसिड वर येण्याचा त्रास असेल तर तो बळावू शकतो, नसेल तर काहींना नव्याने सुरू होतो. त्या फिनलंडच्या अभ्यासात १० वर्षांनी अन्ननलिकेला सूज स्लीव्हवाल्यांत ३१ टक्के लोकांना होती आणि बायपासवाल्यांत ७ टक्के. बाईंच्या पूर्ण वहीत ॲसिडिटीची ओळच नव्हती.

एंडोस्कोपी तशीही होणारच होती, पण आता सर्जनच्या हातात खरी हकिकत होती. रिपोर्ट आला, अन्ननलिकेला सूज आणि हायटस हर्निया, म्हणजे जठराचा वरचा भाग छातीकडे सरकलेला. बाईंचा फोन, "मॅडम, जे खोटं सांगणार होते ते खरंच निघालं!" सर्जननी बायपास सुचवलं, आठ वर्षांची शुगर हेही कारण होतंच. पण अडचण गुडघ्यांची, कारण बायपासनंतर नेहमीच्या पेनकिलर घेतल्या तर जोडाजवळ अल्सर व्हायची भीती असते. मग हाडांच्या डॉक्टरांशी बोलून त्या आधीच बंद करून दुसरी सोय केली, आणि मग निर्णय झाला. निर्णय बाईंचा, मी फक्त वही वाचली. आमचे सर्जन म्हणतात तुमच्याकडून आलेला पेशंट फॉर्म परत भरायला मागतो, ते मी कौतुक म्हणूनच घेते.

घरात सांगितलं. जाऊबाई बोलल्याच, एकदा तर पाहुण्यांसमोर. पण कॅल्शियम आणि लोह फ्रिजवरच्याच डब्यात आलं, आणि हे दोन्ही एका वेळी घ्यायचं नाही, मधे दोन तास जाऊ द्यायचे, हे आता बाईंपेक्षा जाऊबाईंच्या जास्त लक्षात असतं.

लपवू नका असं मी का म्हणते, तर तत्त्वासाठी नाही, स्वयंपाकघरासाठी. ऑपरेशननंतर पहिले साधारण दोन आठवडे पातळच, मग मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ, असं करत महिना दीड महिना जातो, जेवताना पाणी नाही, दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रोटीन, म्हणजे आधी पनीर, अंडं, डाळ, मूग आणि मग जागा उरली तर भाकरी. साबुदाण्याच्या उपासात हे कसं बसवणार? एकत्र घरात हे चोरून होत नाही, आणि चोरून करणारेच फॉलोअप आधी सोडतात. मग शाकाहारी माणसाचं बी-१२ मुळात कमी, ते आणखी खाली जातं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळायला लागतात, बहुतेकांचे परत येतात, पण घरात कुणाला माहीतच नसेल तर त्या वेळी धीर कोण देणार.

निवडीपुरतं म्हणाल तर सर्जनना जे सांगायला लाज वाटते तेच आधी सांगा. रात्रीची आंबट ढेकर. मिश्री, तंबाखू, सिगरेट, कारण त्यानेही बायपासच्या जोडाला अल्सर होतात, आणि मिश्रीचं बायका नवऱ्यासमोर बोलतच नाहीत, तेव्हा एकट्या भेटा. दारू, कारण या ऑपरेशननंतर ती लवकर आणि जास्त चढते. चोरून गोड खाणं, कारण बायपासनंतर श्रीखंडाच्या दोन चमच्यांनी घाम, धडधड, जुलाब होऊ शकतात, काहींना हा धाक सोयीचा वाटतो, काहींना शिक्षा. गोळ्या विसरायची सवय असेल तर तेही, मिनी बायपासला तर फारच महत्त्वाचं. मूल हवं असेल तर ऑपरेशननंतर बारा ते अठरा महिने थांबायला सांगतात, तेव्हा सासूबाईंच्या घाईचाही हिशोब धरा. आणि बहिणीचं स्लीव्ह छान झालं म्हणून माझं पण तेच, हे कारण चालणार नाही, बहीण एक आणि अन्ननलिका दोन.

हल्ली वजन उतरवायच्या इंजेक्शनचंही विचारतात, २०२५ पासून मौंजारो आणि वेगोव्ही आपल्याकडे मिळतंय. काहींना ते पुरेसं होतं, पण बंद केलं की बऱ्याच जणांचं वजन परत चढतं, तेव्हा किती वर्षं आणि महिन्याला किती रुपये हे आधी विचारा. तेही कुणाला कळू नये म्हणून निवडत असाल, तर आधी माझ्याकडे या. मेडिक्लेममध्ये साधारणपणे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती याचा आकडा) ४० च्या वर, किंवा ३५ च्या वर आणि सोबत हृदयविकार, झोपेत श्वास अडकणं, आटोक्यात नसलेला डायबेटिस असं काही असेल तर ऑपरेशन बसतं, पण वेटिंग पिरियड असतो, पॉलिसीचा कागद सर्जनकडे जायच्या आधी वाचून ठेवा.