डबा कधी चुकत नाही, मग अभ्यासच का चुकतो?

काकू, सादर नमस्कार.

माझं वय ३४. वासुदेव नगरला राहते, सीताबर्डीला एका खासगी ऑफिसात बिलिंगचं काम करते. लग्न झालं त्या वर्षी बी.कॉम.चं शेवटचं वर्ष सुटलं, ते सुटलंच. मागे ऑफिसात अकाउंट्सची जागा निघाली. मी जिला काम शिकवलं त्या मुलीला ती मिळाली, कारण तिच्याकडे पदवी होती. तेव्हाच ठरवलं आणि यंदा मुक्त विद्यापीठात नाव घातलं. परीक्षा उन्हाळ्यात आहे.

१ जानेवारीला टाइमटेबल केलं. पहाटे ५ ते ७ अभ्यास, मग अर्धा तास चालणं, रात्री इंग्रजी बोलण्याचा सराव, रविवारी स्वयंपाकाचा एक व्हिडिओ. नवी डायरी आणली, मोबाईलवर ॲप घेतलं, स्टेटसही टाकलं. संक्रांतीपर्यंतसुद्धा टिकलं नाही. २१ दिवसांचं चॅलेंज दरवेळी आठव्या-नवव्या दिवशी मोडतं. कॉस्टिंगचं, म्हणजे उत्पादनखर्चाच्या हिशेबाचं, पुस्तक उघडते आणि मिटते. मुलगा झोपल्यावर वेळ असतो, पण 'अभ्यास कसा करावा' याचे व्हिडिओ पाहता पाहता साडेअकरा होतात. नवरा हसून म्हणतो, "आरंभशूर आहेस." सासूबाई म्हणतात, "आता काऊन ताप करून घेतेस वो?" माझ्यातच काही खोट आहे का? आणि हे वर्षही असंच गेलं तर?

— एक वाचक, नागपूर

बाळा,

जिला हाताला धरून काम शिकवलं तिला ती खुर्ची मिळताना पाहणं फार जिव्हारी लागतं. तू ते दोन ओळींत उरकलंस, पण सगळं पत्र त्यातूनच आलंय असं मला वाटलं. त्या दुखण्याचं तू रडगाणं केलं नाहीस, फॉर्म भरलास. म्हणून 'खोट आहे का' या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकते. नाही, नाही आणि नाही.

आता मला सांग, मुलाचा डबा तुझा कधी चुकतो का? ताप असो, पाहुणे असोत, रात्री झोप झालेली नसो, सकाळी डबा भरलेला असतोच. त्यासाठी तुला ना ॲप लागतं, ना चॅलेंज. का बरं? डब्याला वेळ ठरलेली आहे, जागा ठरलेली आहे, तो कधी 'झाला' हे ठरलेलं आहे आणि त्याची वाट पाहणारं कुणीतरी दारात उभं आहे. तुझ्या अभ्यासाला यातलं एकही मिळालेलं नाही. पहाटे ५ ही वेळ तू कागदावर लिहिलीस, पण दिवसात ती जागा कधी रिकामी केलीच नाहीस. साडेअकराला झोपणारी बाई नागपूरच्या जानेवारीत, त्या थंडीत, पाचला रजई सोडून कॉस्टिंगमधलं प्रोसेस अकाउंटचं गणित सोडवेल, हे टाइमटेबल लिहितानाच खोटं होतं. त्यात तुझा आळस शोधू नकोस.

आधी भार कमी कर. अभ्यास, चालणं, इंग्रजी, व्हिडिओ हे चार संकल्प एकाच तारखेला सुरू केलेस. एक ना धड भाराभर चिंध्या, दुसरं काय होणार? परीक्षा होईपर्यंत इंग्रजी बंद आणि व्हिडिओ बंद. चालणं घरापासून मेट्रो स्टेशनपर्यंत होतं तेवढं पुरे. आणि हे नुसतं मनात ठेवू नको. डायरीत लिही की या गोष्टी मी परीक्षेनंतर करणार आहे. ज्या गोष्टी आपण सोडतही नाही आणि करतही नाही, त्या रोज रात्री उशाशी येऊन बसतात. दिवसभर राबूनही तुला अपराधी वाटतं त्याचं अर्धं कारण त्या तीन गोष्टी आहेत.

पहाटेचं राहू दे. दिवसात दुसरी जागा कुठे आहे ते पाहू. तू सहाला ऑफिसातून निघत असशील. सीताबर्डीहून मेट्रोची ॲक्वा लाइन धरली की वीसेक मिनिटांत वासुदेव नगर. एकदा घरात पाय ठेवलास की कुकर, होमवर्क, सासूबाईंच्या गोळ्या, सगळं तुलाच हाका मारणार. म्हणून घरी पोचण्याच्या आधीच अभ्यास झाला पाहिजे. आपल्या नागपुरात गल्लोगल्ली अभ्यासिका झाल्या आहेत. एमपीएससीची पोरं रात्रंदिवस बसलेली असतात. स्टेशन आणि घर यांच्या वाटेवरची एखादी शोध, संध्याकाळपुरती खुर्ची मिळते का विचार. सोमवार, बुधवार, शुक्रवार, साडेसहा ते साडेसात. बस्स. आठवड्याचे तीन तास ऐकायला कमी वाटतात, पण जानेवारीच्या पहिल्या दोन आठवड्यांत तुझे प्रत्यक्षात किती झाले ते आठव. मोबाईल बंद करून पर्समध्ये, पर्स टेबलाखाली. घरचा नंबर अभ्यासिकेच्या काउंटरवर आणि काउंटरचा घरी देऊन ठेव, म्हणजे 'काही इमर्जन्सी आली तर' ही सबब उरणार नाही.

याची परवानगी मागू नको, कामाची वाटणी कर. नवऱ्याला सांग, या तीन दिवशी भात तुम्ही लावायचा आणि पोराचा होमवर्क तुम्ही घ्यायचा. 'मदत करा' असं मोघम बोललीस तर मदत होत नाही. वार आणि काम दोन्ही ठरवून सांग. आणि ते आरंभशूर म्हणणं त्यांनी थांबवायला हवं, हेही सांग, शांतपणे, मुलासमोर नाही. हसत म्हटलेलं असलं तरी रोज ऐकून माणसाला ते खरं वाटू लागतं. तुला ते खरं वाटू लागलंय, पत्रात दिसतंय. सासूबाईंना मात्र समजवत बसू नको. तू तीन महिने नेमाने गेलीस की त्या स्वतःच शेजारणीला सांगतील, आमची सून अभ्यासाला गेली आहे म्हणून.

पीटर गॉलविट्झर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने एक साधी गोष्ट दाखवून दिली. त्याचा १९९९ चा लेख या विषयात फार वाचला जातो. 'मी अभ्यास करीन' असा नुसता निश्चय करणाऱ्यांपेक्षा 'अमुक वेळी अमुक ठिकाणी असेन तेव्हा अमुक करीन' असं आधीच ठरवणाऱ्यांच्या हातून काम होण्याची शक्यता बरीच जास्त असते. ऐन वेळी मनाशी वाद घालावा लागत नाही. तू अशी दोन-तीन जर-तरची वाक्यं लिहून ठेव, तुझ्या घरातली. आता रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाची बोलावणी चालतील. जर सोमवारी बोलावणं आलं, तर आधी अभ्यासिका, मग साडी. आठ वाजता गेलीस तरी कुणी वाण नाकारत नाही. जर ऑफिसात उशीर झाला, तर अभ्यासिकेत शेवटची वीस मिनिटं तरी बसायचं, थेट घरी जायचं नाही. जर मुलगा आजारी पडला, तर तो वार सोडायचा आणि पुढच्या वाराला जायचं, जादा तास लावून भरपाई करायची नाही.

भरपाईचं मुद्दाम सांगते, कारण तुझी चॅलेंजं तिथेच मोडतात. एक दिवस चुकला की साखळी तुटली, आता पुन्हा पहिल्यापासून, असं तू धरून चालतेस. हे २१ दिवसांचं प्रकरण मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या अमेरिकी प्लास्टिक सर्जनपर्यंत जातं. चेहऱ्याची शस्त्रक्रिया झालेल्यांना नवा चेहरा अंगवळणी पडायला किमान २१ दिवस लागतात, असं त्याने १९६० मध्ये लिहिलं होतं. पुढे त्यातलं 'किमान' गळालं आणि चेहऱ्याची गोष्ट सवयींना चिकटली. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि तिच्या सहकाऱ्यांनी ९६ लोकांच्या रोजच्या छोट्या सवयींचा बारा आठवडे मागोवा घेतला. सवय अंगवळणी पडायचा काळ सरासरी ६६ दिवसांचा निघाला, आणि माणसामाणसात १८ पासून, पुढचा अंदाज धरून, २५४ दिवसांपर्यंत फरक. तुझ्या कामाचा निष्कर्ष पुढेच आहे. मध्ये एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यावर फारसा परिणाम झाला नाही. म्हणजे नवव्या दिवशी तू हरली नव्हतीस, तू फक्त दहाव्या दिवशी आली नाहीस. दोन वार सलग चुकवायचे नाहीत, एवढा एकच नियम पाळ.

आता कॉस्टिंगकडे येऊ. तुझं खरं अडलंय ते तिथे. अकाउंट्स, टॅक्स यांचं तू नावही काढलं नाहीस, कारण त्यांच्यातलं निम्मं काम तू ऑफिसात रोज करतेस. कॉस्टिंगचं पुस्तक मात्र उघडतेस आणि मिटतेस. त्या पुस्तकात तुला आकडे दिसत नाहीत, 'मला हे नाही जमलं तर' ही भीती दिसते. आणि ती घालवायला मोबाईलवरचा व्हिडिओ फार सोयीचा. पाहताना अभ्यास केल्यासारखं वाटतं आणि पुस्तक उघडावं लागत नाही. असल्या व्हिडिओंतून काही शिकता येत नाही असं नाही, पण तुला त्यातलं आता सगळं पाठ झालंय. परीक्षेपर्यंत एकही पाहू नको.

पहिल्या सोमवारी अख्खं गणित सोडवायचं नाही. प्रोसेस अकाउंटचं एक गणित घे, तक्ता आख, डावी बाजू, उजवी बाजू, आणि नुसते युनिटचे आकडे भर. १००० युनिट टाकले, नॉर्मल लॉस, म्हणजे कामात होणारच अशी घट, १० टक्के म्हणजे १००, अपेक्षित ९००, प्रत्यक्षात निघाले ८८०, म्हणजे ॲबनॉर्मल लॉस, त्याहून जादाची घट, २०. रुपयांच्या रकान्याला हात लावू नको. वही मिट, घरी जा. बुधवारी त्याच तक्त्यात रुपये भर. एकूण खर्चातून नॉर्मल लॉसच्या भंगाराची किंमत वजा करायची आणि ९०० ने भागायचं, १००० ने नाही. बहुतेक जणी इथेच चुकतात आणि मग कॉस्टिंग अवघड म्हणून सोडून देतात. अशी तीन-चार गणितं हाताखालून गेली की ते पुस्तक तुला बिलबुकासारखं वाटेल, आणि बिलं तर तू डोळे मिटून करतेस.

वेळेचा अंदाज करताना मात्र सांभाळ. आपण सगळेच इथे फसतो. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना विचारलं होतं की तुमचा प्रबंध किती दिवसांत होईल. सरासरी अंदाज ३४ दिवसांचा होता, लागले ५५ च्या वर. हुशार, तरुण, घरची जबाबदारी कमी असलेल्या मुलांचं हे. तुला एखादा धडा आठवड्यात होईल असं वाटलं तर दोन आठवडे धर. आज बसून परीक्षेपर्यंतचे आठवडे मोज आणि धडे त्यात बसव. बसत नसतील तर कोणते धडे सोडायचे ते आत्ताच ठरव, एप्रिलमध्ये धावपळीत नको.

आणि एप्रिल आला की हे वेळापत्रक बदलावंच लागेल. पारा ४५ कडे जायला लागला की संध्याकाळी सातलासुद्धा झळा लागतात. मुलाला सुट्ट्या लागतील, घरात कूलर घरघरत असेल आणि ऑफिसातून तू पिळून निघालेली असशील. तेव्हा मात्र पहाट तुझी. लवकर उजाडतं, त्या वेळी हवा बरी असते आणि डबाही नसतो. जी पहाट जानेवारीत तुला दगा देते, तीच उन्हाळ्यात साथ देईल. तेव्हा रात्री दहाला दिवा मालवायचा, हे नवऱ्याशी आत्ताच बोलून ठेव.

राहता राहिलं वाट पाहणारं माणूस. स्टेटस टाकून ते मिळत नाही. शंभर जण अंगठा दाखवतात आणि दुसऱ्या दिवशी कुणाच्या लक्षात नसतं. तुझ्या अभ्यासकेंद्रावर संपर्कसत्रं होतात तिथे जा आणि तुझ्यासारखीच एखादी शोध, नोकरी करणारी, पोराबाळांची. दर रविवारी रात्री तिने तुला आणि तू तिला आठवड्यात सोडवलेल्या गणितांचा फोटो पाठवायचा. कौतुक नको, उपदेश नको, फक्त फोटो. फोटो आला नाही तर दुसरीने फोन करायचा.

हे वर्षही गेलं तर, असं तू विचारलंस. त्याचं उत्तर माझ्यापेक्षा तुझ्या अभ्यासकेंद्राकडे आहे, आणि ते याच आठवड्यात मिळव. नोंदणी किती काळ चालते, सगळे पेपर एकदम द्यावे लागतात का, एखादा राहिला तर पुढच्या वेळी तेवढाच देता येतो का, परीक्षा अर्जाची शेवटची तारीख कोणती. चारही प्रश्न कागदावर लिहून ने आणि उत्तरं त्याच कागदावर लिहून घे. एखादा पेपर मागे ठेवता येत असेल आणि मार्चपर्यंत कॉस्टिंग हाताला आलं नाही, तर बाकीचे दे, तो पुढच्या वेळी दे. शनिवारी ऑफिस अर्धा दिवस असेल तर त्याच दुपारी जाऊन ये, परतताना अभ्यासिकेचीही चौकशी कर आणि सोमवारची खुर्ची नक्की करून घरी ये.

तुझी,
काकू