आधी वही, मग कात्री

स्टार वॉर्स सिनेमांचे तिन्ही प्रीक्वेल (मूळ गोष्टीच्या आधीचं दाखवणारे भाग) कापून, पुढे खलनायक होणाऱ्या अ‍ॅनाकिनची गोष्ट सलग करायची, हा तुझा बेत झकास आहे. पण सॉफ्टवेअर लगेच उघडू नकोस. वहीत 1999, 2002, 2005 असे भागांच्या वर्षांचे तीन रकाने आख आणि प्रत्येक भागात त्याला काय हवंय, कशाची भीती वाटते, ते एकेका ओळीत लिही. कात्री त्यानंतर.

नवखी मंडळी उलटं करतात, खटकलं की उडवतात. 2002 च्या भागात तो टस्कन टोळीवाल्यांची अख्खी वस्ती, बायकापोरांसकट, मारल्याचं त्याच्या प्रेयसीला, पद्मेला सांगतो. संवाद अवघडलेत म्हणून ते काढलंस, तर पुढच्या भागात तो अचानक बिघडल्यासारखा वाटेल. वाक्यं छाट हवी तर, तिचा चेहरा ठेव. हे ऐकूनही ती त्याच्याशी लग्न करते!

बाकी एवढंच सांभाळ:
- चित्र कापलं की पार्श्वसंगीतही तुटतं. सध्या तरी, संगीत थांबतं तिथेच काप.
- डिस्कवरचे वगळलेले प्रसंग आहेत म्हणून सगळे कोंबू नकोस. पद्मेच्या माहेरचा एखादा पुरे.
- रंग, इफेक्ट नंतर.
- मालवणात पावसात लाईटचा भरवसा नाही. ऑटोसेव्ह चालू ठेव.

पहिला कट रात्रभर दशावतार बघणाऱ्या एखाद्या आजोबांना दाखव. 'ह्यो असो कित्या वागता?' असं त्यांनी जिथे विचारलं, तिथली मिनिटं टिपून घे आणि तेवढंच परत काप.