पोरगा 17 चा, गाडी द्यायची का?

प्रश्न: मुलगा बारावीत आहे, ट्यूशनला माझीच अ‍ॅक्टिव्हा नेतो. आता मित्राच्या बर्थडेला अमरावती रोडच्या ढाब्यावर जायचं म्हणतोय, तिथे मोठी पोरं बिअर पितात हे त्यानंच सांगितलं. मी नाही पिणार म्हणतो. नाही म्हटलं की घरात अबोला. काय करू? (एक आई, प्रतापनगर)

उत्तर: ताई, ढाब्याचं नंतर, आधी ट्यूशनची गाडी बंद करा. 16 व्या वर्षी लायसन्स मिळतं ते 50 सीसीपर्यंतच्या विनागिअर गाडीचं, अ‍ॅक्टिव्हा 100 सीसीच्या वरची आहे, म्हणजे 18 पूर्ण व्हायलाच पाहिजे. 2019 मध्ये कायदा बदलला तेव्हापासून अल्पवयीन पोरगा सापडला की केस पालकावर किंवा गाडीमालकावर होते, 25,000 रुपये दंड, 3 वर्षांपर्यंत कैद, गाडीचं रजिस्ट्रेशन 12 महिने रद्द, आणि पोराला 25 व्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. मला माहीतच नव्हतं हे सिद्ध केलं तर सुटका, पण चावी तर तुम्हीच देताय ना. ते 25 वर्षांवालं त्याला नक्की सांगा, पोट्ट्यांना दंडापेक्षा तेच लागतं.

आता ढाबा. तो पिणार नाही यावर मी विश्वास ठेवतो, पण परत येताना तो कोणाच्या मागे बसेल हे विचारलं का तुम्ही? ‘एका बिअरनं काय होतं’ म्हणणाराच गाडी काढतो. 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल गेलं की गुन्हा, पहिल्यांदाच 10,000 रुपये दंड किंवा 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. आणि 60 च्या स्पीडला ब्रेक दाबायला नुसता अर्धा सेकंद उशीर झाला तरी गाडी 8 मीटर पुढे गेलेली असते, हायवेवर अंधारात उभा ट्रक त्याच 8 मीटरमध्ये असतो. लिंबूपाणी, कॉफी, तोंडावर पाणी, यानं नशा उतरत नाही, उतरायला तासच लागतात.

जाऊ द्यायचं असेल तर सोडायला-आणायला तुम्ही जा. आणि त्याला सांगून ठेवा की कधीही, कुठेही, गाडी चालवणारा प्यायलेला दिसला तर फोन कर, रात्री एक वाजता पण येऊ, त्या रात्री एक शब्द विचारणार नाही. हे त्याच्या बाबांनी पण त्याच्यासमोर म्हणायला पाहिजे, आणि घरातलं कोणी लग्नातून दोन पेग मारून गाडी चालवत येत असेल तर ते आजच थांबवा, नाहीतर तो फोन करणारच नाही.