एकाच चाकाची हवा कमी होते? आधी व्हॉल्व्ह बघ

आठवड्यात एकच चाक ३३ वरून २५ पीएसआयवर येत असेल, तर नुसती हवा भरत राहू नकोस. ट्यूबलेस टायरमध्ये खिळा रुतून बसला की हवा इतकी हळू जाते की महिनाभर पत्ता लागत नाही.

भांडी घासायच्या साबणाचं फेसाळ पाणी कर. पहिला थेंब व्हॉल्व्हवर, टोपण काढून. बुडबुडा फुगला तर आतली पिन सैल किंवा खराब आहे, स्वस्तातलं काम. व्हॉल्व्हचा रबरी देठही वाकवून बघ, जुना झाला की बुडाशी चिरतो. मग टायरची नक्षी (रस्त्याला टेकणारा भाग), आणि शेवटी रिमची कड, आतल्या बाजूनेही. घाई नको, बारीक फेस यायला मिनिटभर लागतं. खड्ड्यात आदळलेल्या किंवा गंजलेल्या रिमवर मला तरी आधी संशय येतो.

खिळा दिसला तर उपसू नकोस (मी एकदा उपसला, मग स्टेपनी लावत बसलो). हवा भरून तसाच पंक्चरवाल्याकडे जा. जमलं तर आतून मशरूम पॅच (देठ भोकात, टोपी आतून चिकटते) लावून घे, बाहेरून भोकात खुपसतात त्या रबरी पट्टीपेक्षा टिकतो. भोक टायरच्या बाजूच्या भिंतीत असेल तर मात्र टायरच बदल.