नाटोत भावकीचं भांडण लागलं तर?

प्रश्न : काका, नाटो या अमेरिका-युरोपच्या लष्करी युतीच्या करारातल्या कलम 5 बद्दल सारखं वाचतो. एकावर हल्ला म्हणजे सगळ्यांवर हल्ला. पण दोन सदस्यच एकमेकांवर उलटले तर उरलेले कुणाच्या बाजूने लढणार? (एक विद्यार्थी, चिपळूण)

उत्तर : कुणाच्याच नाही. कलम 5 बाहेरून येणाऱ्यासाठी आहे. घरातल्या भांडणाला त्याच करारातलं कलम 1 लागू पडतं, वाद शांततेने मिटवा म्हणणारं. कलम 4 सांगतं, धोका वाटला तर एकत्र बसून बोला. झालं. न्यायनिवाडा करणारं कुणी नाही, सदस्याला हाकलून द्यायची तरतूद नाही, आणि ब्रसेल्सला भरणाऱ्या नाटोच्या परिषदेत मतदान होत नाही, सगळ्यांचं एकमत लागतं. आमच्या गावच्या भावकीच्या बैठकीसारखंच, फक्त चहाऐवजी कॉफी.

प्रत्यक्षात हे कसं चालतं, ते मला इंग्लंडातल्या हल बंदरात, ब्रिटन-आइसलँडच्या मासेमारीच्या भांडणावरून कळलं. 1984 साल. मी जहाजावर रेडिओ ऑफिसर. किंग जॉर्ज डॉकला माल उतरत होता, म्हणून संध्याकाळी गावात गेलो. मासे तळून विकणाऱ्या दुकानात समोरच्या बाकावर ट्रॉलरवरचा एक निवृत्त तांडेल बसला होता. मी बंदरातला परका माणूस दिसताच त्याने बुटाची नाडी सोडून टेबलावर लांब ठेवली आणि काटा उचलला. नाडी म्हणजे ट्रॉलरच्या मागे जाळं ओढणारी लोखंडी वायर. काटा म्हणजे आइसलँडच्या तटरक्षकांनी काढलेलं अवजार : नांगरासारखं आकड्यांचं, आकड्यांना आतून धार. गस्तीचं जहाज ते दोरावर मागे सोडायचं आणि ट्रॉलरच्या पाठीमागून आडवं निघून जायचं. त्याने काटा नाडीवरून सर्रकन ओढला. "खट्ट. जाळं गेलं, मासा गेला, पगार गेला." पहिल्यांदा हे अवजार चाललं ते सप्टेंबर 1972 मध्ये. नाव झाकून मासे धरणाऱ्या एका ब्रिटिश ट्रॉलरने तेव्हा रेडिओवर 'रूल ब्रिटानिया' हे ब्रिटिशांचं देशभक्तिगीत लावलं होतं म्हणे.

आइसलँड आणि ब्रिटन, दोघेही 1949 पासूनचे नाटोचे संस्थापक सदस्य. भांडण कॉड माशाचं. आइसलँडची सगळी कमाई माशावर, म्हणून त्याने आपली मासेमारीची हद्द 1958 मध्ये 12 सागरी मैल, 1972 मध्ये 50 आणि 1975 मध्ये 200 केली. दर वेळी ब्रिटनने आपल्या ट्रॉलरांच्या रक्षणाला फ्रिगेटी, म्हणजे युद्धनौका, धाडल्या. आता गंमत बघा. आइसलँडकडे सैन्यच नाही, नुसती तटरक्षकांची मोजकी जहाजं. थॉर, टिर, एगिर अशी जुन्या देवदानवांची नावं, आणि फ्रिगेटीला धडक द्यायला बेधडक तयार. बर्फातून जायला बांधलेली जाडजूड जहाजं ती. पातळ पत्र्याच्या फ्रिगेटी दुरुस्तीला गोदीत जायच्या.

तरी सैन्य नसलेला देश जिंकला कसा? केफ्लाविक. आइसलँडातला तेव्हाचा अमेरिकी तळ. सोव्हिएत पाणबुड्या उत्तर रशियातल्या मुर्मान्स्ककडून अटलांटिकात उतरायच्या त्या वाटेवरचा टेहळणीचा नाका. तळ बंद करू, नाटो सोडू, असं आइसलँडचे मंत्री म्हणू लागले की ब्रसेल्सपासून वॉशिंग्टनपर्यंत घाम फुटायचा. पोकळ धमकी नव्हती ती. नाटोत जायचं ठरलं त्या दिवशी राजधानी रेक्याविकला संसदेसमोर दगडफेक झाली होती, आणि तो राग घरोघरी शिल्लक होता. आपल्या घरातली अडचणच त्यांनी हत्यार म्हणून वापरली.

नाटोचे सरचिटणीस तेव्हा जोसेफ लुन्स, उंचापुरा डच माणूस. सप्टेंबर 1973 मध्ये ते स्वतः रेक्याविकला गेले. पुढच्याच महिन्यात ब्रिटनने फ्रिगेटी मागे घेतल्या आणि नोव्हेंबरात दोन वर्षांचा करार झाला. मला यातली एक गोष्ट आवडते. हद्द कुणाची बरोबर, हे ठरेपर्यंत कुणी थांबलं नाही. आधी जहाजं हलवा, मग बोला. मराठीत आपण याला 'आधी काठ्या खाली ठेवा' म्हणतो.

करार संपला, तिसरी फेरी सुरू झाली. फेब्रुवारी 1976 मध्ये आइसलँडने ब्रिटनशी राजनैतिक संबंधच तोडले. दोन दोस्त राष्ट्रं, एकमेकांत वकिलाती नाहीत! पण नाटोच्या बैठकीत दोघांच्या खुर्च्या होत्याच. शेवटी नॉर्वेने मधे पडून 1 जून 1976 ला ऑस्लोत तोडगा काढला : 200 मैलांच्या आत एका वेळी फक्त 24 ब्रिटिश ट्रॉलर, तेही सहा महिन्यांपुरते. ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री अँथनी क्रॉसलंड खासदार होते ग्रिम्स्बीचे, म्हणजे ट्रॉलरांच्याच बंदराचे. स्वतःच्या मतदारांची हार त्यांना स्वतःच गळी उतरवावी लागली.

प्रश्न : म्हणजे नाटो दर वेळी मिटवते? ग्रीस-तुर्कस्तानचं काय? (निवृत्त शिक्षिका, सातारा)

उत्तर : नाही हो बाई, तिथे हात टेकले. जुलै 1974 मध्ये ग्रीसच्या लष्करी राजवटीने ग्रीक आणि तुर्की वस्तीच्या सायप्रस बेटावर बंड घडवलं, पाच दिवसांनी तुर्की फौजा बेटावर उतरल्या. ऑगस्टमध्ये तुर्कस्तानने दुसऱ्यांदा मुसंडी मारल्यावर ग्रीस नाटोच्या लष्करी रचनेतून बाहेर पडला, तो 1980 मध्ये परतला. बेटावर मधे उभी राहिली ती संयुक्त राष्ट्रांची फौज. तिचे प्रमुख होते भारताचे ले. जनरल प्रेम चंद. आपले जनरल थिमय्याही त्याच पदावर असताना 1965 मध्ये सायप्रसमध्येच वारले.

1996 मध्ये हेच दोघे त्यांच्यामधल्या एजियन समुद्रातल्या दोन खडकांवरून भिडले. तिथे वस्ती होती ती बकऱ्यांची. आधी ग्रीक झेंडा, मग तुर्की पत्रकारांनी लावलेला झेंडा, मग कमांडो. ग्रीक हेलिकॉप्टर पडून तीन अधिकारी गेले. तेव्हा मिटवलं ते अमेरिकेने, रात्रभर फोन करून. जहाजं नकोत, सैनिक नकोत, झेंडे नकोत. 2020 मध्ये मात्र दोघांच्या युद्धनौका घासल्यावर नाटोच्या मुख्यालयात दोन्ही लष्करांची बोलणी झाली आणि थेट फोनची सोय झाली. वाद तसाच आहे. फोन उचलायला माणूस आहे.

प्रश्न : या 200 मैलांचा आम्हा मच्छीमारांशी संबंध काय? आणि कॉड चवीला कसा? (मालवण)

उत्तर : संबंध आहे. त्याच 1976 साली भारतानेही कायदा करून 200 सागरी मैलांचं आर्थिक क्षेत्र ठरवलं. तेव्हा जगभर हेच वारं होतं, आणि पुढे ब्रिटननेही तेवढीच हद्द जाहीर केली.

चव? लहानपणी नाक दाबून प्यायलेलं कॉडलिव्हर तेल आठवून मी घाबरतच खाल्ला. सपक. पिठात बुडवून तळलेला, शेजारी बटाट्याच्या फोडी, वर व्हिनेगर. तिरफळ नाही, कोकम नाही. तांडेलाला विचारलं, हा इथलाच का? त्याने नाडी बुटात ओवत मान हलवली.

"आइसलँडचा. विकत घेतलेला."